गॉथ पेहरावाची नुसती यादी नको, त्याचे उगमही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत गॉथ फॅशनवर, म्हणजे इंग्लंडमधल्या एका संगीतप्रवाहातून निघालेल्या काळ्या पेहरावावर, अख्खे पान आले. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. पण पान वाचून संपल्यावर हाती उरली ती खरेदीची यादी : काळा कॉर्सेट (आवळून बांधायची चोळी), काळी लिपस्टिक, गळ्यातला पट्टा, जाड तळाचे बूट, रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स. आणि हे सगळे ऑनलाइन मागवा, असा सल्ला. नाशिकच्या कॉलेज रोडवरची सतरा-अठरा वर्षांची मुलेमुली ही यादी घेऊन बसली तर घरी येतील ते पॉलिएस्टरचे तयार सेट. चार धुण्यांत त्यांची शिवण उसवेल आणि एप्रिल उजाडला की ते अंगावर ठेवणे अशक्य होईल. मग 'हे आपल्या हवेत चालत नाही' म्हणून सगळेच कपाटात जाईल. म्हणून हे पत्र. ते लिहिणारे आम्ही काही जण हेच कपडे शिवतो, रंगवतो आणि घालतो.

गॉथ पेहराव ज्याचा त्याने जुळवायचा असतो. कुणी तो जुन्या मूकपटांतून उचलतो, कुणी व्हिक्टोरियन सुतकाच्या कपड्यांतून, कुणी एखाद्या इमारतीच्या कमानीतून. आपण काय कुठून घेतले हे ज्याला सांगता येते, त्याचा पेहराव नजरेत भरतो. यादीतून घेतलेला पेहराव पाच जणांच्या अंगावर पाच वेळा सारखाच दिसतो.

याची सुरुवात संगीतात आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बाउहाउस या बँडचे 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून लांब गाणे ऑगस्ट १९७९ मध्ये आले, आणि जुलै १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा क्लब सुरू झाला. तिथे येणारी पोरे पंक या बंडखोर रॉक संगीताच्या पाठोपाठची होती. खिशात पैसे नव्हते, त्यामुळे कपडे जुन्या बाजारातले आणि हाताने फाडलेले. जाळीच्या लांब मोज्यांचा अंगरखा हा त्या काळातला प्रकार आजही सर्वांत स्वस्त पडतो. कमरेपर्यंतचे जाळीचे मोजे उलटे धरायचे, दोन पायांच्या मधल्या जोडावर डोके जाईल एवढेच कापायचे, पंजे कापून तिथून हात बाहेर काढायचे. पाय होतात बाह्या, कंबर येते छातीखाली. चूक होते ती डोक्याचे भोक आधीच मोठे कापण्यात. जाळी ताणली जाते, म्हणून तीन इंचांचा काप पुरतो; कमी पडला तर नंतर वाढवता येतो. कापलेल्या कडेला रंगहीन नेलपॉलिशचा एक हात द्यावा, म्हणजे जाळी पुढे उसवत नाही. तयार विकत घेतलेल्या 'फाटक्या' टी-शर्टपेक्षा हा अंगरखा मूळ प्रेरणेच्या कितीतरी जवळचा आहे.

दुसरा उगम सुतकाचा. १४ डिसेंबर १८६१ रोजी इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट वारले आणि राणीने १९०१ मध्ये मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत. राणीचे पाहून सुतकाच्या कपड्यांचे नियम घट्ट झाले. पहिल्या टप्प्यात चमक नसलेले, चुणीदार क्रेप कापड. शेवटच्या टप्प्यात राखाडी आणि फिकट जांभळा. गॉथ कपड्यांत काळ्याच्या जोडीला राखाडी-जांभळाच का दिसतो, त्याचे एक मूळ इथे आहे. सुतकात दागिना चालायचा तो जेटचा. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षे दबून काळे झालेले लाकूड, यॉर्कशायरच्या व्हिटबी गावच्या किनाऱ्यावर मिळणारे. ते हाताला हलके आणि कोमट लागते. काच जड आणि गार लागते. ऑनलाइन 'जेट' म्हणून येणारे मणी बहुतेक काचेचे असतात. ते वाईट दिसत नाहीत, पण जेटच्या भावाने घेऊ नयेत. खात्री करायची तर चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर मणी घासा. खऱ्या जेटची रेघ तपकिरी उमटते.

तिसरा उगम मूकपटांचा, आणि इथे नाशिककरांनी जरा थांबावे. काळे ओठ आणि काळ्या कडांचे मोठे डोळे ही प्रतिमा पडद्यावरून आली. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची बहुतेक फिल्म लाल रंग टिपतच नसे. त्यामुळे नटीने लाल रंग लावला तरी पडद्यावर ओठ काळे दिसायचे आणि गालावरची लालीही खड्ड्यासारखी उमटायची. मेकअप करणाऱ्यांनी मग चेहरा फिका आणि डोळे गडद करायला सुरुवात केली. गॉथने साठ वर्षांनी उचलले ते हे, फिल्मच्या मर्यादेतून जन्मलेले सौंदर्य. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला मूकपट दाखवला आणि पुढे नाशिकमध्येच चित्रपट काढले, तेही त्याच काळातल्या फिल्मवर. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. मूकपटांचा चेहरा अभ्यासायचा तर जर्मन मूकपटांतल्या नटांसोबत फाळक्यांच्या चित्रपटांतली उरलेली दृश्येही पाहावीत. पुरुषांनी स्त्रीभूमिका करताना केलेली डोळ्यांची आखणी विशेष बघण्याजोगी आहे. भुवईपासून पापणीपर्यंतची सावली कशी दिली आहे ते कागदावर काढून पाहा.

गॉथच्या जपानी वळणाचा उल्लेखही आपल्या पानावर नव्हता. मालिस मिझेर या जपानी बँडच्या माना या गिटारवादकाने १९९९ मध्ये स्वतःचा कपड्यांचा ब्रँड काढला, आणि फुगीर घागरा, उंच गळा, लेस यांची काळी-निळी मांडणी तिथून जगभर गेली. एवढे इथे पुरे.

आता आपल्याकडचा काळा. गॉथ म्हणजे शोकाचा रंग, असे आपल्या पानावर दोनदा आले आहे. इंग्लंडपुरते ते बरोबर आहे. पण मराठी घरात सुतकाचा रंग काळा कधी नव्हता. अंत्ययात्रेला पांढरे, आणि सोवळ्या विधवेच्या अंगावर लाल आलवण. काळा मात्र मंगळसूत्राच्या पोतीत आहे, बाळाच्या गालावरच्या तिटेत आहे, संक्रांतीच्या साडीत आहे. पूजेला काळे नको म्हणणारे घरच जानेवारीत नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून अंगावर पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने घालते. काळ्यावर पांढऱ्या साखरेच्या काट्यांची ती नक्षी गॉथच्या कोणत्याही पुस्तकी व्याख्येत बसणार नाही. पण काळ्यावर पांढरे कसे ठेवावे याचा याहून चांगला धडा आम्हाला दुसरीकडे मिळालेला नाही. पांढरे थोडे, टोकदार आणि चेहऱ्याजवळ. बाकी सगळा काळा मोकळा.

येवला आपल्याच जिल्ह्यात. काळी जमीन आणि लाल काठ ही पैठणीतली चंद्रकळा तिथे विणली जाते. त्या लाल-काळ्याच्या प्रमाणावरून शिकावे. सारे अंग काळे आणि लाल फक्त कडेला, म्हणून तो लाल पेटल्यासारखा दिसतो. आजीची जुनी चंद्रकळा कापून त्याचा कॉर्सेट शिवण्याची टूम मध्यंतरी दिसली. कृपा करून असे करू नका. जुने रेशीम घडीवर विरलेले असते, सुई लागली की टाक्याच्या रेघेवरच फाटते. साडीही जाते आणि कॉर्सेटही राहत नाही. हवा असेल तर काठाचा रंग बघून नव्या सुती काठाची पट्टी लावा.

उन्हाबद्दल. काळा कपडा ऊन शोषतो हे खरे. पण वाळवंटातले बेदुइन सैल काळे झगे घालतात आणि त्यांच्यावर झालेल्या मोजमापात काळ्या आणि पांढऱ्या झग्यात अंगापर्यंत पोचणारी उष्णता सारखीच निघाली होती. झगा सैल असल्याने आतली गरम हवा वर निघून जाते. यातला कळीचा शब्द 'सैल'. अंगाला चिकटलेल्या काळ्या पॉलिएस्टरला हे लागू नाही. नाशिकच्या उन्हाळ्यासाठी मलमल किंवा केंब्रिक घ्या आणि घेर वाढवा.

तीन थरांचा घागरा हा सुरुवातीला सर्वांत सोपा. कंबर २८ इंच आणि लांबी ३६ इंच धरू. प्रत्येक थर १२ इंच उंच. वरचा थर ४२ इंच रुंद, मधला ६४, खालचा ९५, म्हणजे प्रत्येक थर वरच्याच्या दीडपट. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून १४ इंची पाच पट्ट्या निघाल्या की शिवणी आणि खालच्या दुमडीसकट काम भागते. दोन मीटर पुरते, पण सुती कापड आटते म्हणून सव्वादोन घ्या आणि कापण्याआधी एकदा भिजवून वाळवा. चुण्या घालताना मशीनचा टाका सर्वांत मोठा ठेवून दोन समांतर टिपा मारा आणि दोन्ही खालचे दोरे एकत्र ओढा. एकाच टिपेवर ओढले तर दोरा मध्येच तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. कमरेला नाडी ठेवा, चेन नको. पावसाळ्यात दमट चेन कुरकुरते.

रंग हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग. काळा रंग घरी चढवायला जाणारे बहुतेक जण करड्यावर थांबतात. पहिली चूक कापडाची. धागा काढून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटाने उडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, आणि त्यावर घरी काळा चढत नाही, कारण त्याच्या रंगाला १३० अंश तापमान आणि दाब लागतो. सुती कपडा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असला तर कपडा काळा होईल आणि टिपा पांढऱ्या राहतील. म्हणून शिवण्याआधी कापड रंगवा, नाहीतर सुती दोरा वापरा.

२५० ग्रॅम कोरड्या सुती कापडाला, म्हणजे साधारण त्या घागऱ्याएवढ्या कापडाला, थंड पाण्यात चढणारा काळा रिअॅक्टिव्ह रंग १५ ते २० ग्रॅम लागतो. इतर रंगांच्या तिपटीने जास्त, हे लक्षात ठेवा. कापडाची खळ आधी गरम पाण्यात साबणाने पूर्ण काढा. खळ राहिली तिथे ढगासारखे फिके डाग पडतात. पाच लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम साधे मीठ विरघळवा, रंग वेगळ्या वाटीत घट्ट कालवून मग त्यात घाला. ओले कापड सोडून अर्धा तास सतत हलवत राहा. मग १०० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून, कापड बाजूला घेऊन, बादलीत घाला आणि आणखी एक तास हलवा. खाण्याचा सोडा इथे चालत नाही. त्याने पाणी पुरेसे अल्कलीयुक्त होत नाही आणि रंग धाग्याला बांधलाच जात नाही. पहिल्या धुण्यात सगळा वाहून जातो. शेवटी गार पाण्यात खळबळून, मग उकळत्या साबणाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. हे उकळणे टाळले की मानेवर आणि काखेत काळे उतरते. हातात मोजे, नाकाला फडके, आणि ती बादली पुन्हा स्वयंपाकघरात न्यायची नाही.

ज्यांना जुन्या पद्धतीचा काळा हवा त्यांच्यासाठी हिरडा आणि हिराकस. हिरड्याची पूड ५० ग्रॅम रात्रभर भिजवून गाळा, त्या पाण्यात कापड दोन तास ठेवा, न धुता सावलीत वाळवा. मग प्लास्टिकच्या बादलीत पाच लिटर पाण्यात ५ ते ७ ग्रॅम हिराकस. द्राक्षबागेत वेलींना लोह मिळावे म्हणून जे फेरस सल्फेट देतात तेच हे. पिवळट कापड त्यात बुडवताच डोळ्यांदेखत आधी पारव्याच्या गळ्यासारखे होते, मग कोळशासारखे. बघत राहावे असा तो क्षण आहे. पण गडद व्हावे म्हणून हिराकस वाढवू नका. लोह सुती धागा खाते आणि जास्त लोहाचे कापड काही वर्षांत घडीवर चिरते. हिरड्याचा हात पुन्हा द्या, तो चालतो. निघणारा काळा मऊ, किंचित तपकिरी झाक असलेला असतो. पावसात भिजलेल्या काळ्या दगडी भिंतीचा आणि कोरड्या भिंतीचा जेवढा फरक, तेवढाच रिअॅक्टिव्ह काळ्याचा आणि याचा. दोन्ही काळे एका पेहरावात एकत्र वापरले तर एकमेकांना उठाव देतात.

त्यावरून एक सांगायचे राहते. दुकानात काळ्यावर काळा जुळवताना ट्यूबलाइटखाली जुळवू नका. कापड दाराबाहेर उन्हात आणा. एकाला निळी झाक निघते, एकाला हिरवी, एकाला विटकरी. आत सारखे दिसलेले दोन काळे उन्हात भांडतात.

इमारतीतून प्रेरणा घेणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या सीएसएमटी स्थानकात उतरलात की १८८८ साली पूर्ण झालेल्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतीतच तुम्ही उभे असता. टोकदार कमानी, रंगीत काचा, पाणी ओकणारे दगडी प्राणी. त्यातली फक्त कमान उचला आणि ब्लाउजच्या मागच्या गळ्याला उलटी लावा. गळ्याची रुंदी सहा इंच असेल तर वर्तमानपत्रावर सहा इंचांची सरळ रेघ काढा. कंपास सहा इंचांवर ठेवून दोन्ही टोकांपासून एकेक कंस काढा. दोन्ही कंस जिथे भेटतील ते कमानीचे टोक, रेघेपासून ५.२ इंचांवर. गॉथिक कमानीचे गणित एवढेच. शिवताना बिघडते ते टोकावर. वळणाच्या कडा आडव्या-तिरप्या कापल्या जातात, म्हणून त्या ताणतात. आधी कडेने एक साधी टीप मारून त्या बांधून घ्या. पट्टी लावताना टोकाशी एकदम वळू नका. एक आडवा टाका घ्या आणि मग दुसऱ्या बाजूला वळा. त्यानंतर कात्रीने टोकात, टाक्याच्या अगदी दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत काप द्या. हा काप भीतीपोटी आखूड ठेवला की पट्टी उलटल्यावर टोकाशी सुरकुती पडते आणि कमानीचा 'यू' होतो. जास्त गेला तर भोक. जुन्या शिंप्यांचा हात इथे कळतो. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या शिंपीकाकांना कागदी नमुना हातात दिला तर ते हे काम कोणत्याही तयार सेटपेक्षा चांगले करतात. फोनवर फोटो दाखवू नका, नमुना द्या.

दागिन्यांबाबत आपल्या पानावर 'ऑक्सिडाइज्ड सिल्व्हर' म्हणून जे छायाचित्र आहे ते जर्मन सिल्व्हरसारखे दिसते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. निकेलने अनेकांच्या मानेला खाज आणि पुरळ येते. नाशिकच्या सराफ बाजारात चांदीची कमतरता नाही. आजीचे तोडे, मासोळ्या, गोठ चमकवून न घेता काळेच राहू दिले तर वेगळे काही करावेच लागत नाही. नव्या चांदीला काळी करायची तर सोपा मार्ग उकडलेल्या अंड्याचा. गरम अंडे कुस्करून झाकणाच्या डब्यात ठेवा, दागिना त्याला न लागेल असा वाटीत ठेवून डबा रात्रभर बंद करा. अंड्यातल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा काळा थर चढतो. म्हणजे 'ऑक्सिडाइज्ड' हे नावच मुळात चुकीचे आहे. दागिना आधी साबणाने घासून घ्या, बोटाचे तेल राहिले तिथे पांढरा ठिपका राहतो. नंतर खाण्याच्या सोड्याने फक्त उंचवटे पुसा. खोलगट नक्षी काळी राहते आणि उठून दिसते. मोती किंवा खडे जडवलेला दागिना डब्यात घालू नका.

चेहऱ्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पांढराफटक चेहरा म्हणजे गॉथ, असे मानून सावळ्या मुली स्वतःच्या रंगापेक्षा चार छटा उजळ फाउंडेशन लावतात, आणि त्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडने चेहरा राखाडी पडतो. हे करायची गरज नाही. मूकपटांनी दिला तो गडद-फिक्याचा विरोध, गोरेपणा नव्हे. सावळ्या कातडीवर तो विरोध चमकेतून येतो. पापणी कोरडी काळी ठेवा आणि ओठ ओले, जांभळीच्या रंगाचे. किंवा उलट. काजळ तेलकट असते, दमट हवेत तासाभरात खाली उतरते. त्यावर कोरडी काळी आयशॅडो बोटाने दाबून बसवली की टिकते. सुरमा मात्र टाळा, अनेक सुरम्यांत शिसे असते. हातावर गोंदल्यासारखी काढली जाणारी 'काळी मेंदी' त्याहून घातक आहे. मेंदी मुळात काळी नसते, त्यात केसांच्या कलपाचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने कातडी भाजून कायमचे डाग राहू शकतात. रंगीत लेन्स तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोजून दिल्याशिवाय कुणीही घालू नयेत, आणि दुसऱ्याच्या कधीच नाही. हा एक इशारा आपल्या पानावर असायला हवा होता.

केस फुगवताना दोन बोटांची बट उभी धरून, मुळापासून चार इंचांवरून कंगवा मुळाकडे दाबत आणा, मग स्प्रे. सोडवताना टोकाकडून सुरुवात करा, कंडिशनर लावून. मुळापासून ओढले तर केस हातात येतात.

आपण या विषयावर पुन्हा पान काढाल अशी आशा आहे. काढाल तेव्हा प्रत्येक छायाचित्राखाली कपड्याचे नाव, त्याचे कापड आणि तो कुठून सुचला, एवढ्या तीन गोष्टी द्याव्यात. वेळ साधायची तर डिसेंबरच्या शेवटी काढावे. संक्रांतीच्या आधीचे दोन-तीन आठवडे मेन रोडवरच्या दुकानांत सुती, खणाचे, साधे, काठाचे असे काळे कापड जेवढे मांडलेले असते, तेवढे वर्षभरात पुन्हा दिसत नाही. सण उलटला की तेच ठाण गुंडाळून वर जाते आणि दुकानदार 'काळ्यात आता काही नाही' म्हणतो.

आपले,
गॉथ पोशाख शिवणारे आणि घालणारे काही नाशिककर